पुण्याची लेक, सिअ‍ॅटलची नगरसेविका: क्षमा सावंत यांची दहा वर्षे

महालक्ष्मीहून वरळी नाक्याकडे जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपल्यापैकी कितीतरी जण एके काळी बसने जात-येत असत. हा रस्ता आपल्याच समाजाच्या डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर यांच्या नावाचा. १९३७ साली ते मुंबईचे महापौर झाले. त्यामुळे नगरपालिकेचे राजकारण बेने इस्राएलांना परके नाही. पण नगरपालिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ते नळाचे पाणी, गटारे, दवाखाने आणि शाळा. इथे इस्राएलमध्ये ‘इरिया’ म्हटले की आधी आठवतो तो अर्नोना! कामगाराचा पगार किती असावा, शेजाऱ्याने शेजाऱ्याची जात काढावी की नाही, असले प्रश्न नगरपालिकेत सुटतात असे आपण कधी मानले नाही.

अमेरिकेच्या सिअ‍ॅटल शहरात मात्र अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी हे प्रश्न नगरपरिषदेत नेले. त्यांचे नाव क्षमा सावंत. २०१४ च्या जानेवारीपासून २०२३ च्या अखेरीपर्यंत दहा वर्षे त्या तिथे नगरसेविका होत्या. त्यांची सगळी मते आपल्याला पटतील असे नाही. काही तर मुळीच पटणार नाहीत, आणि त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे. परंतु त्यांच्या कारकिर्दीत एक गोष्ट अशी घडली की ती वाचताना आपल्या समाजाला स्वतःचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही.

पुणे, मुंबई आणि अमेरिका

सावंत हे आडनाव ऐकून बाई कोकणातल्या असाव्यात असे वाटते. ते आडनाव सासरचे. माहेर तमिळ ब्राह्मणांचे. जन्म मात्र पुण्याचा, १९७३ सालचा, आणि बालपण गेले मुंबईत. वडील स्थापत्य अभियंता होते. क्षमा तेरा वर्षांच्या असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसामुळे झालेल्या अपघातात ते गेले. आई शिक्षिका होत्या आणि पुढे मुख्याध्यापिका झाल्या.

१९९४ साली क्षमा यांनी मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतली. त्या काळी हुशार मुलामुलींची ठरलेली वाट होती: संगणक शिकायचा, अमेरिकेला जायचे. त्याही पतीबरोबर तिकडे गेल्या आणि काही काळ संगणकाचे काम केले. पण त्यांचे मन तिथे रमले नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात माणसे रस्त्यावर झोपतात, आजारपणामुळे कर्जात बुडतात, हे पाहून त्यांना प्रश्न पडले. उत्तरे शोधायला त्या अर्थशास्त्राकडे वळल्या. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातून २००३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आपल्या वयाच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गरीब देशाच्या ग्रामीण भागातली म्हातारी माणसे किती आणि का काम करत राहतात, हा तो विषय. आपल्या आजोबा-पणजोबांना पेन्शन नव्हती. हातपाय चालत तोवर घाण्यावर आणि शेतावर राबणे, हेच त्यांचे म्हातारपण होते.

२००६ साली त्या सिअ‍ॅटलला आल्या. तिथल्या सरकारी महाविद्यालयात आणि आणखी एक-दोन विद्यापीठांत त्या अर्थशास्त्र शिकवू लागल्या. त्यांना सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत, पण नोकरी होती तासिका तत्त्वावरची. सत्र संपले की पुढच्या सत्राची शाश्वती नाही. याच सुमारास त्या ‘सोशालिस्ट ऑल्टरनेटिव्ह’ या लहानशा डाव्या पक्षात गेल्या. २०१० साली त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. २०११ च्या शेवटी न्यूयॉर्कपासून सुरू झालेले ‘ऑक्युपाय’ आंदोलन सिअ‍ॅटलला पोचले, तेव्हा तंबू ठोकून बसलेल्या तरुणांबरोबर ह्या बाईही होत्या.

शंभर वर्षांपूर्वीची एक बाई

सिअ‍ॅटलचा थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. हे बंदराचे शहर. जहाजे बांधणारे, लाकूड तोडणारे, गोदीतले कामगार यांचे. १९१६ साली तिथल्या शाळा मंडळावर अ‍ॅना लुईझ स्ट्राँग नावाच्या समाजवादी बाई निवडून आल्या. पहिल्या महायुद्धाला त्यांनी विरोध केला. लोक चिडले. निवडून दिलेल्या प्रतिनिधीला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय त्या राज्याच्या कायद्यात आहे. तिचा उपयोग करून १९१८ साली स्ट्राँग बाईंना थोड्या मतांनी पदावरून काढण्यात आले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९१९ मध्ये, सुमारे ६५,००० कामगारांनी संप करून आख्खे शहर काही दिवस बंद पाडले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्या शहरात सबंध शहराच्या मतदानाने एकही समाजवादी निवडून आला नाही.

२०१२ साली क्षमा सावंत यांनी पहिल्यांदा निवडणूक लढवली, आणि तीही राज्याच्या विधानसभेच्या अध्यक्षांविरुद्ध. अर्थात त्या हरल्या. पण सुमारे २९ टक्के मते मिळाली, आणि लोकांच्या भुवया उंचावल्या. दुसऱ्या वर्षी त्या नगरपरिषदेला उभ्या राहिल्या. समोर रिचर्ड कॉनलिन, सोळा वर्षे त्या जागेवर बसलेले अनुभवी गृहस्थ. बाईंची घोषणा एकच: ताशी १५ डॉलर किमान वेतन.

तिथे मतपत्रिका टपालाने येतात आणि मोजणी अनेक दिवस चालते. पहिल्या रात्री बाई मागे होत्या. पण शेवटच्या दिवसांत आलेली मते तरुणांची आणि भाडेकरूंची असतात. दिवसागणिक अंतर कमी होत गेले आणि आठवडाभराने त्या पुढे निघाल्या. अखेर साधारण तीन हजार मतांनी जिंकल्या. स्ट्राँग बाईंच्या १९१६ च्या विजयानंतरचा हा पहिलाच.

नवातले एक मत

सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेत नऊच सभासद असतात, आणि त्यात बाईंच्या पक्षाच्या त्या एकट्या. मग एका मताने काय होणार? आयुष्यभर हिशेब शिकवणाऱ्या बाईंनी हा हिशेब आधीच करून ठेवला होता. सभागृहात मते नसतील तर सभागृहाबाहेरची माणसे आत आणायची! ठरावाच्या दिवशी सभागृह लाल फलक घेतलेल्या कामगारांनी आणि भाडेकरूंनी भरून जायचे. बाकीच्या आठ जणांना त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून हात वर करावा लागायचा.

पगाराचेही तसेच. नगरसेवकाला वर्षाला सुमारे १,१७,००० डॉलर मिळत. बाईंनी त्यातले ४०,००० स्वतःसाठी घ्यायचे ठरवले, कारण साधारण कामगाराला तेवढेच मिळते असे त्यांचे म्हणणे होते. उरलेले पैसे संपांना आणि चळवळींना दिले.

आता १५ डॉलरची गोष्ट. २०१४ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातले किमान वेतन ताशी ९.३२ डॉलर होते. विमानतळाशेजारच्या सीटॅक या छोट्या गावात १५ डॉलरचा प्रस्ताव नुकताच लोकमताने मंजूर झाला होता, अवघ्या ७७ मतांच्या फरकाने. सिअ‍ॅटलच्या महापौरांनी मालक आणि कामगार संघटनांची समिती नेमली. बाई त्या समितीवर होत्या, आणि बाहेर त्यांचे लोक सह्या गोळा करत होते. तुम्ही केले नाही तर आम्ही थेट लोकांच्या मताला घालू, असा त्याचा अर्थ. २ जून २०१४ रोजी नऊच्या नऊ मतांनी ठराव झाला. अमेरिकेच्या मोठ्या शहरांत हा पहिलाच.

ठरावात तडजोडी होत्या. मोठ्या कंपन्यांना काही वर्षे सवलत, लहान दुकानदारांना त्याहून जास्त. बाईंनी त्या तडजोडींवर जाहीर टीका केली आणि ठरावाच्या बाजूने मतही दिले. त्यांचे राजकारण समजून घ्यायला हे लक्षात ठेवावे: बोलायचे कडक, पण हातात आलेली भाकरी टाकायची नाही.

याचे परिणाम काय झाले? अर्थशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. २०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सांगितले की वेतन १३ डॉलरपर्यंत गेल्यावर कमी पगाराच्या लोकांच्या कामाचे तास सुमारे ९ टक्क्यांनी घटले. त्याच महिन्यात बर्कलीच्या अभ्यासकांनी सांगितले की हॉटेल-खानावळींत पगार वाढले, पण नोकऱ्या घटल्या नाहीत. दोन्ही बाजूंनी अजून आकडे मांडले जातात. मात्र १५ डॉलरची मागणी सिअ‍ॅटलपाशी थांबली नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी २०१६ साली तसे कायदे केले. सिअ‍ॅटलमधले किमान वेतन २०२५ साली २०.७६ डॉलर झाले.

अ‍ॅमेझॉनशी सामना

सिअ‍ॅटल हे अ‍ॅमेझॉन कंपनीचे घर. कंपनी वाढली, तशी घरभाडी वाढली, आणि पुलांखाली तंबूही वाढले. मे २०१८ मध्ये परिषदेने ठरवले की मोठ्या कंपन्यांनी दर कामगारामागे वर्षाला २७५ डॉलर कर द्यावा आणि त्यातून गरिबांसाठी घरे बांधावीत. ठराव एकमताने झाला. कंपन्यांनी जोर लावला, आणि एका महिन्याच्या आत तोच ठराव त्याच परिषदेने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्या दोन मतांत एक बाईंचे.

२०१९ च्या निवडणुकीत अ‍ॅमेझॉनने व्यापारी मंडळाच्या प्रचारनिधीत सुमारे साडेचौदा लाख डॉलर ओतले. एका शहराच्या नगरपरिषदेसाठी एवढा पैसा! पुन्हा तीच कथा: पहिल्या रात्री बाई मागे, मोजणी संपेपर्यंत पुढे. आणि २०२० च्या जुलैत परिषदेने मोठ्या पगारांवर कंपन्यांकडून कर घेण्याचा कायदा केला. तो मांडला दुसऱ्या नगरसेविकेने, टेरेसा मॉस्केडा यांनी. पण रस्त्यावरचा रेटा कोणी लावला होता हे सगळ्यांना ठाऊक होते.

भाडेकरूंसाठी त्यांनी बरेच केले. हिवाळ्यात घराबाहेर काढायला बंदी, भाडेवाढीची सहा महिने आधी सूचना, उशिरा भाडे भरल्यास दंड १० डॉलरपेक्षा जास्त नाही. मुंबईत पागडीच्या खोल्यांत, भाडे गोठवणाऱ्या कायद्याखाली वाढलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तो भाडेनियंत्रण कायदा मात्र त्यांना मिळाला नाही. राज्याने १९८१ पासूनच त्याला मनाई केली आहे, आणि २०२३ मध्ये त्यांचा प्रस्ताव परिषदेनेही फेटाळला.

परत बोलावण्याची वेळ

स्ट्राँग बाईंची गोष्ट सांगितली ती यासाठी. २०२० च्या जूनमध्ये पोलिसांविरुद्धच्या आंदोलनात बाईंनी रात्री नगरभवनाचे दार उघडून निदर्शकांना आत घेतले, आणि तेही साथीच्या दिवसांत. महापौर बाईंच्या घरावर निघालेल्या मोर्चात त्या होत्या, असाही आरोप झाला. तो पत्ता सुरक्षेसाठी गुप्त ठेवलेला होता. शिवाय परिषदेचा पैसा करविषयक प्रचारासाठी वापरला, असेही म्हटले गेले. हा शेवटचा दोष त्यांनी मान्य केला आणि सुमारे साडेतीन हजार डॉलर दंड भरला. बाकीचे आरोप राजकीय आहेत असे त्यांचे म्हणणे.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परत बोलावण्याच्या मतदानाला परवानगी दिली. ७ डिसेंबर २०२१ रोजी, हानुक्का संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, मतदान झाले. चाळीस हजारांवर मते पडली आणि बाई तीनशेच्या आसपास मतांनी वाचल्या. १९१८ साली स्ट्राँग बाई थोडक्यात गेल्या होत्या. १०३ वर्षांनी त्याच शहरात दुसरी समाजवादी बाई थोडक्यात राहिली. पण एवढ्या थोड्या मतांवरून हेही दिसते की त्यांच्या स्वतःच्या वॉर्डातले अर्धे लोक त्यांच्यावर नाराज होते. सहकाऱ्यांशी त्यांचे कधी फारसे जमले नाही, आणि जमवून घेण्याचा त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही.

जात सामानातून येते

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. सिअ‍ॅटल आणि आसपासच्या गावांत संगणक कंपन्यांमुळे हजारो भारतीय कुटुंबे आहेत. त्यांतल्या दलितांचे म्हणणे होते की जात विमानतळावर सुटत नाही. कचेरीत आडनाव विचारले जाते, खोली भाड्याने देताना गावाचे नाव विचारले जाते, आणि नंतर वागणे बदलते. अमेरिकेच्या कायद्यात वंश, धर्म, रंग हे शब्द होते. जात हा शब्द नव्हता. ज्याला कायद्यात नाव नाही, त्याची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची?

बाईंनी शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घालण्याचा ठराव मांडला. आपण स्वतः ब्राह्मण घरात वाढलो आणि जात काय असते ते तिथून पाहिले, असे त्या उघड सांगत. विरोध मोठा झाला. काही हिंदू संघटनांचे म्हणणे होते की यामुळे प्रत्येक भारतीयाकडे संशयाने पाहिले जाईल. हे भय अगदीच खोटे होते असे म्हणता येत नाही. बोलण्यासाठी दोन्ही बाजूंच्या लोकांची रांग लागली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सहा विरुद्ध एक मताने ठराव संमत झाला. जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारे सिअ‍ॅटल हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. वर्षाच्या अखेरीस बाईंनी पद सोडले. पुन्हा उभे राहणार नाही, हे त्यांनी जानेवारीतच सांगितले होते.

वाचकहो, हे वाचताना आपल्याला काय आठवते? कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत. तेल गाळणाऱ्यांत गावाने आपल्याला जागा दिली आणि आपण ती घेतली. पण त्याबरोबर गावाची रीतही घेतली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे भाग आपण आपल्यातच केले. गोऱ्यांची काळ्यांशी सोयरीक होत नसे. कोचीनमध्येही परदेशी यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये काही यहुद्यांना बरोबरीचा मान नव्हता. त्याविरुद्ध ए. बी. सालेम यांनी गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह केला. तोरा तीच, शब्बाथ तोच, तरी हे घडले. म्हणून जात ही दुसऱ्यांची भानगड आहे असे आपण तरी म्हणू नये.

मग आपण एरेत्झ इस्राएलला आलो आणि पारडे फिरले. १९६२ साली मुख्य रब्बी यित्झहाक निसीम यांच्या कार्यालयाने सूचना काढल्या: बेने इस्राएलांचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी आई, आजी आणि त्यांच्याही मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शेमा म्हटला, मुलांची सुंता केली, शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना यहुदी असल्याचा पुरावा मागितला गेला. आपली माणसे येरुशलायमला जाऊन बसली. १९६४ च्या उन्हाळ्यातले ते दिवस ज्यांनी पाहिले, ते आपल्यात अजून आहेत. ऑगस्ट १९६४ मध्ये कनेसेटने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत आणि त्यांना सगळ्यांच्या बरोबरीचे हक्क आहेत. त्यानंतर त्या सूचनांतून आपले नाव काढले गेले.

त्या ठरावाने लोकांची मने एका दिवसात बदलली का? नाही. पण दुसऱ्या दिवशी लग्न नोंदवायला गेलेल्या मुलाला म्हणता आले, “कनेसेटने काय म्हटले आहे ते वाचा.” सिअ‍ॅटलच्या ठरावाचे मोल मी याच मापाने करतो. तो कितपत वापरला जाईल हे पुढे दिसेल. तक्रारीचा रकाना मात्र आता आहे.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी असा कायदा संमत केला होता. राज्यपालांनी तो नाकारला. तारीख होती ७ ऑक्टोबर २०२३. त्या दिवशी आपल्याला दुसऱ्या कुठल्या बातमीकडे पाहायचे भान नव्हते. पुढच्या महिन्यात क्षमा सावंत यांनी सिअ‍ॅटलच्या परिषदेत गाझातल्या शस्त्रसंधीचा ठराव मांडला. इस्राएलविषयीची त्यांची भाषा नेहमीच कठोर राहिली आहे. ज्यांची नातवंडे तेव्हा गणवेशात होती, त्यांना ती वाचवत नाही. मलाही वाचवली नाही. जातीच्या अन्यायाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या बाईंना आपले दुःख तेवढ्या जवळून दिसले नाही, असे मला वाटते.

तरीही त्यांनी केलेले चांगले काम खोडून टाकावे असे मला वाटत नाही. १९६४ साली आपल्या बाजूने हात वर करणाऱ्या कनेसेट सभासदांत वेगवेगळ्या पक्षांचे लोक होते. त्यांतल्या कित्येकांची इतर मते आपल्या वाडवडिलांना पटत नव्हती. त्यांनी मत दिले म्हणून आपण त्यांचे आभार मानले, आणि पुढच्या निवडणुकीत आपापल्या मनाप्रमाणे चिठ्ठी टाकली. पुण्यात जन्मलेल्या ह्या बाईंचा हिशेबही तसाच मांडावा.